ठसा आपला, संग्रह कुणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय कोणता घ्यावा याची मोकळीक समितीने आम्हाला दिली, याबद्दल प्रथम आभार. वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून चित्रांवर, त्यातही लाकडावर आणि लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांवर बोलायचे म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. हा विषय मोठ्या शहरांतल्या गॅलरीवाल्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असेही कुणाच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

ठसाचित्र म्हणजे काय, हे या बालमित्रांनाच विचारा. कार्यानुभवाच्या तासाला भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून वहीवर फुले उमटवली नाहीत असे मूल विरळाच. अर्धा बटाटा घ्यायचा, त्यावर चांदणी कोरायची आणि ठसा मारायचा. जो भाग कापून काढला तो कोरा राहतो. जो भाग वर उरला त्याला रंग लागतो आणि तोच कागदावर येतो. लाकडाच्या फळीवर हेच केले की त्याला वुडकट म्हणतात, लिनोलियमवर केले की लिनोकट. बाकी सगळे तपशील.

आपल्या आजोबा-पणजोबांना ही युक्ती वेगळ्या रूपात ठाऊक होती. जुन्या छापखान्यात जुळारी एकेक खिळा उचलून ओळी जुळवीत असे. खिळ्यावरचे अक्षर उठावाचे आणि उलटे. शाई लागते ती त्या उठावालाच. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाला, तेव्हा वृत्तपत्रे अशीच खिळ्यांवर छापली जात. तेव्हा उठावाचा ठसा आपल्याला परका नाही. आपला आवाज पहिल्यांदा कागदावर आला तो याच रीतीने.

याहून मागे जायचे तर थेट इ. स. ८६८ पर्यंत जावे लागते. चीनमध्ये लाकडी ठशांवरून छापलेली 'वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता' सूत्राची एक गुंडाळी त्या वर्षीची आहे. छापल्याची तारीख ज्यावर आहे असे, पूर्ण मिळालेले, जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणून ती ओळखली जाते. सुरुवातीला चित्र आहे. तथागत उपदेश करताहेत आणि सुभूती समोर बसलेला आहे. शेवटी नोंद आहे, की वांग जिये नावाच्या गृहस्थाने आपल्या आई-वडिलांच्या वतीने, सर्वांना मोफत वाटण्यासाठी हे करवून घेतले. बघा, ठसा कशासाठी? वाटण्यासाठी! एक प्रत एका घरात, दुसरी दुसऱ्या घरात, म्हणून तर इतके लाकूड कोरायचे.

आता ही गुंडाळी आहे कुठे? दुनहुआंगजवळच्या लेण्यांत ती शेकडो वर्षे बंद कोठडीत राहिली, १९०७ साली ऑरेल स्टाइन याने ती तिथून नेली, आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिथे ती उत्तम जपलेली आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण वाटण्यासाठी जे केले गेले, त्याची हाती राहिलेली प्रत हजारो मैल दूर जाऊन बसली, हेही खरे. आजच्या विषयातला पेच इथेच आहे. ठसा ज्यांचा, संग्रहही त्यांचाच असतो का?

हा पेच नीट समजून घेण्यासाठी आम्ही दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घेणार आहोत. तिथल्या काळ्या कलावंतांची लिनोकट चित्रे आज जगातल्या नामांकित संग्रहांत आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०११ साली आपल्या संग्रहातून दक्षिण आफ्रिकेच्या १९६५ पासूनच्या छापील चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले होते. त्यात लिनोकटला मानाचे स्थान होते. ही चित्रे तिथवर पोचली कशी, हे पाहायचे तर आधी ती कोणत्या परिस्थितीत जन्मली ते पाहिले पाहिजे.

वर्णभेदाचा कायदा म्हणजे काय, हे या सभेला फोड करून सांगण्याची गरज नाही. कुठे राहायचे हे कातडीवरून ठरे. त्यासाठी १९५० चा ग्रुप एरियाज ॲक्ट होता. काय शिकायचे हेही कातडीवरून ठरे. त्यासाठी १९५३ चा बांटू एज्युकेशन ॲक्ट होता. काळ्या मुलांना मजुरीपुरते शिक्षण पुरे, हा त्यामागचा उघड हेतू. १९५९ च्या कायद्याने विद्यापीठांचे दरवाजेही वर्णावर वाटून टाकले. मग चित्रकला शिकायची कुठे? तैलरंग, कॅनव्हास, स्टुडिओ हे सगळे गोऱ्यांच्या वस्तीतले.

अशा काळात नाताळ प्रांतात, रोर्क्स ड्रिफ्ट या आडगावी, लुथरन चर्चच्या आश्रयाने एक कला आणि हस्तव्यवसाय केंद्र उभे राहिले. पेडर आणि उल्ला गोवेनियस या स्वीडिश दाम्पत्याने १९६२ च्या सुमारास हे काम सुरू केले. तिथे विणकाम चाले, मातीकाम चाले आणि लिनोकट शिकवला जाई. १९६८ पासून १९८२ पर्यंत तिथे ललितकलेचे वर्गही चालले. काळ्या विद्यार्थ्याला कलाशिक्षण मिळू शकेल अशा त्या देशातल्या मोजक्या जागांपैकी ही एक.

लिनोकटच का? याचे उत्तर खिशात आहे. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचा पत्रा. जवसाचे तेल आटवून त्यात बुचाची भुकटी आणि लाकडाचा भुसा मिसळायचा, मागे गोणपाट लावायचे, की झाला लिनो. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात तो शोधून काढला, तो फरशीसाठी. विदर्भातल्या आपल्या माणसांना जवस काय हे सांगायला नको. हा पत्रा लाकडापेक्षा मऊ, त्याला रेषा-गाठी नाहीत, जरा उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापतो. एक कोरणी, थोडी शाई, शाई पसरायला एक रूळ. यंत्र नसले तर कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचे, चित्र उमटते. जो साधनाने गरीब आहे, त्याला परवडणारी ही कला.

पण स्वस्त म्हणजे सोपी, असे कुणी समजू नये. पेन्सिलीची रेघ खोडता येते, तैलरंगावर दुसरा हात मारता येतो. इथे एकदा कोरणी फिरली की फिरली, काढलेला तुकडा परत बसत नाही. शिवाय सगळे उलटे कोरावे लागते. उजवा हात डावीकडे कोराल, तेव्हा तो उजवीकडे छापला जाईल. अक्षरे लिहायची तर ती आरशातल्यासारखी. म्हणजे आधी पूर्ण चित्र मनात पक्के हवे. मनाचा निश्चय झाल्याशिवाय हात उचलायचा नाही, अशी ही शिस्त आहे.

या केंद्राशी जोडलेली दोन नावे आम्ही मुद्दाम सांगतो. पहिले अझारिया म्बाथा यांचे. जन्म १९४१, नाताळचे. क्षयाने आजारी पडून मिशनच्या रुग्णालयात असताना त्यांची गोवेनियस यांच्याशी गाठ पडली आणि लिनोकट हातात आला. त्यांनी बायबलमधल्या गोष्टी कोरल्या. एका कागदावर लहान लहान चौकटी, चित्रकथेसारख्या, आणि गोष्ट चौकटीचौकटीने पुढे जाते. मात्र त्यातली माणसे आफ्रिकी आहेत. डेव्हिड आणि गोलायथची गोष्ट त्यांनी कोरली. गोफण घेतलेला पोरगा आणि अंगावर चिलखत घातलेला राक्षस ही गोष्ट त्या वेळी त्या देशात कुणाला कशी वाचता येत असेल, याचा विचार आपणच करावा. धर्मकथेच्या चित्राला बंदी कशी घालणार? जे भाषणात म्हटले असते तर तुरुंग होता, ते चित्रातून घरोघर गेले. पुढे म्बाथा स्वीडनला स्थायिक झाले आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले.

दुसरे नाव जॉन मुआफांगेजो यांचे. जन्म १९४३, अंगोलाच्या हद्दीत, पण आयुष्य गेले ते नामिबियात. तेव्हा त्या मुलुखावर दक्षिण आफ्रिकेचेच राज्य होते. रोर्क्स ड्रिफ्टला शिकून ते परतले आणि चित्र कोरता कोरता चित्रातच वाक्ये कोरू लागले. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती. व्याकरणाची फिकीर न करता, जे पाहिले ते त्यांनी उलट्या अक्षरांत कोरून ठेवले. धर्मशिक्षणाची शाळा स्फोटाने उडवली गेली, त्याची नोंद १९८१ च्या एका लिनोकटमध्ये आहे. वर्तमानपत्राचे काम लिनोच्या पत्र्याने केले म्हणा ना. १९८४ च्या त्यांच्या एका चित्राचे नावच असे आहे, की सध्याच्या अडचणी असूनही आशा आणि उमेद. १९८७ साली ते वारले. नामिबिया स्वतंत्र झाला २१ मार्च १९९० रोजी. ज्या उमेदीचे नाव त्यांनी चित्राला दिले तो दिवस त्यांना पाहायला मिळाला नाही. चित्र मात्र राहिले. ते राहिले याचे कारण कुणीतरी ते जपले, हे लक्षात ठेवा. या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

तिसरे चित्र जरा नंतरचे, सांडिले गोजे या तरुण कलावंताचे, १९९३ सालचे. नाव 'दोन संस्कृतींची भेट'. एक गवताने शाकारलेली मातीची झोपडी आणि एक विटांचे पक्के घर. दोन्ही घरे माणसांसारखी समोरासमोर उभी राहून हात मिळवताहेत. लहान मुलालाही समजेल असे चित्र. पण साल बघा. २७ एप्रिल १९९४ रोजी सर्व वर्णांच्या लोकांनी मिळून पहिल्यांदा मतदान केले. हे चित्र त्याच्या आदल्या वर्षीचे. हिंसाचार चालू होता, काय होईल कुणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी झोपडीने पक्क्या घराच्या बरोबरीने उभे राहून हात पुढे केला आहे. झोपडी वाकलेली नाही, हात जोडून उभी नाही. वस्ती आणि वाडा यांतले अंतर ज्यांनी पायाने मोजले आहे, त्यांना या चित्रावर वेगळे भाष्य लागत नाही. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या त्या संग्रहात आहे.

आता संविधानाकडे वळतो, कारण ठसाचित्रांचा धागा तिथेही पोचतो. दक्षिण आफ्रिकेच्या नव्या राज्यघटनेवर नेल्सन मंडेला यांनी १० डिसेंबर १९९६ रोजी सही केली. सहीची जागा निवडली शार्पव्हिल, जिथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली होती. त्याच १९९६ साली डरबनमध्ये 'इमेजेस ऑफ ह्युमन राइट्स' नावाचा छापील चित्रांचा संच तयार झाला. सर्व प्रांतांतल्या कलावंतांनी घटनेतल्या हक्कांच्या प्रकरणातले एकेक कलम वाटून घेतले आणि त्यावर चित्र केले. समतेवर एक, प्रतिष्ठेवर एक, असे. कायद्याची भाषा ज्याला वाचता येत नाही त्याने निदान चित्र वाचावे, हा त्यातला भाव.

जोहान्सबर्गचे संविधान न्यायालयही असेच आहे. जुन्या तुरुंगाच्या जागेवर ते बांधले, २००४ साली त्याचे उद्घाटन झाले. तुरुंगाच्या पाडलेल्या भागाच्या विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या. मोठ्या लाकडी दरवाजावर हक्कांच्या सनदेतले हक्क वेगवेगळ्या भाषांत कोरलेले आहेत. आत कलासंग्रह आहे. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. हे सॅक्स म्हणजे १९८८ साली बॉम्बस्फोटात ज्यांचा हात गेला ते. न्याय मागायला आलेल्या माणसाने भिंतीवर आपली कहाणी पाहावी, हा विचार किती साधा आणि किती मोठा आहे!

आपल्या संविधानाची मूळ प्रतही चित्रांनी सजलेली आहे, हे आपल्याला माहीत आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती सुंदर हस्ताक्षरात लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांनी पाने सजवली. ते काम थोर आहे, आणि ते राष्ट्राच्या वतीने झाले. पण कलम १७ वर, अस्पृश्यता नष्ट केली आहे या त्या एका ओळीवर, ज्यांनी ती सोसली त्यांच्या हातचे चित्र कसे निघेल? आपल्या वस्तीतल्या मुलीने कलम १५ मधल्या विहिरी-तलावांच्या ओळीवर ठसा कोरला तर तो कसा दिसेल? प्रश्न विचारायला हरकत नाही. डरबनच्या कलावंतांनी तो स्वतःला विचारला आणि कोरणी उचलली.

आता संग्रहाचा मुद्दा. इथे दोन बाजू आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे मांडल्या पाहिजेत.

मोठे संग्रहालय चांगले काम करते. कागद हा नाजूक जीव आहे. उजेडाने तो पिवळा पडतो, ओलीने त्याला बुरशी येते, वाळवीला तर तो मेजवानीच. संग्रहालयात चित्रे सपाट खणांत, अंधारात, बेताच्या हवेत ठेवतात. कलावंताचे नाव, साल, माध्यम, आकार यांची नोंद होते. ठरावीक काळापुरतीच ती भिंतीवर लावतात, मग विश्रांती देतात. मुआफांगेजो यांच्या चित्राखाली त्यांचे नाव आहे, कुणा 'अनामिक आफ्रिकी कारागिरा'चे नाही, हेही संग्रहाचेच देणे. नाव नोंदवणे ही लहान गोष्ट नाही. ज्यांची नावे शतकानुशतके कुठेच नोंदली गेली नाहीत, त्यांना हे अधिक कळते.

दुसरी बाजू अशी. ठसा मुळात अनेकांसाठी. बाजाराला मात्र दुर्मिळ वस्तू हवी असते. म्हणून चित्राखाली पेन्सिलीने आकडा टाकतात, पन्नासातली बारावी प्रत वगैरे. ठरलेल्या प्रती निघाल्या की पुष्कळदा मूळ ठशावर आडव्या-तिडव्या रेघा मारून तो निकामी करतात, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. यात कलावंताला न्याय्य दाम मिळते, हे खरे. त्यालाही घर चालवायचे असते. पण चमच्याच्या पाठीने घासून गल्लीत वाटायची वस्तू तिजोरीत जाते, आणि जिथे ती कोरली गेली त्या गावातल्या पोराला ती पाहायची तर समुद्र ओलांडावा लागतो. जोहान्सबर्गच्या सार्वजनिक कलादालनाने काळ्या चित्रकाराचे पहिले चित्र विकत घेतले ते १९४० साली, जेरार्ड सेकोटो यांचे. म्हणजे त्या आधी शहर होते, चित्रकार होते, दालनही होते, पण त्या दालनाच्या संग्रहात काळ्या माणसाच्या हातचे चित्र नव्हते. संग्रह ज्याच्या हातात, आठवण त्याच्या हातात. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे तो ठरवतो.

मग यावर उपाय काय? तिथल्याच एका संस्थेचे उदाहरण घेऊ. १९९१ साली किम बर्मन आणि न्हलान्हला झाबा यांनी जोहान्सबर्गमध्ये आर्टिस्ट प्रूफ स्टुडिओ सुरू केला. एक गोरी बाई आणि एक काळा पुरुष यांनी मिळून चालवलेली छपाईची कार्यशाळा. वस्तीतल्या मुला-मुलींना तिथे छपाई शिकवू लागले. एड्सची साथ पसरली तेव्हा लोकांना बोलते करण्यासाठी कागदावर छोटी छापचित्रे करून घेण्याचा उपक्रम तिथे चालला. २००३ साली स्टुडिओला आग लागली, झाबा त्या आगीत गेले, वर्षानुवर्षांचे काम जळून खाक झाले. पण सहकाऱ्यांनी ती कार्यशाळा पुन्हा उभी केली. एवढ्या आघातानंतर ती उभी राहू शकली, कारण कोरणी धरणारे हात अनेक तयार झाले होते. संग्रह जळाला तरी शिकवलेले हात राहतात. तसेच हात थकले तरी जपलेली प्रत राहते. दोन्ही हवे.

जपलेल्या प्रतीचे मोल काय असते याचा दाखला आपल्या देशातही आहे. चित्तप्रसाद हे बंगालचे चित्रकार, जन्म १९१५. पुढे मुंबईत अंधेरीला राहिले आणि तिथे त्यांनी लिनोकटवर फार मोठे काम केले. राबणारी मुले, श्रमिक, शेतकरी हे त्यांचे विषय. लहान वयात कामाला जुंपलेल्या मुलांवरची त्यांची लिनोकटची मालिका पाहून कुणाचेही मन हलेल. त्यांनी १९४३ साली बंगालच्या दुष्काळावर 'हंग्री बेंगॉल' नावाची पुस्तिका काढली, त्यात शाईची रेखाचित्रे होती. इंग्रज सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. घरच्यांनी एक प्रत जपून ठेवली होती. तिच्यावरून २०११ साली ती पुस्तिका पुन्हा छापली गेली. सरकारने जाळलेले एका प्रतीमुळे परत आले. एका प्रतीमुळे!

म्हणून आज आम्ही काही व्यवहारातल्या गोष्टी सुचवतो. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट, विहाराच्या वाचनालयात ठसेकामाचा एक कोपरा असावा. लिनोचे चार तुकडे, दोन-तीन कोरण्या, एक रूळ, काळी शाई. कोरताना हात नेहमी कोरणीच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही, आणि लहानांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच कोरायचे, हा नियम भिंतीवर लिहून लावावा. जयंतीच्या आणि वर्धापनदिनाच्या निमंत्रणपत्रिकेवरचे एक तरी चित्र मुलांनी स्वतः कोरलेले असावे. आज फ्लेक्सवाला संगणकावरून तेच तेच चित्र काढून देतो. पूर्वी वस्तीतला पेंटर भिंतीवर हाताने अक्षरे काढायचा, त्याचे वळण ओळखू यायचे. ते वळण गेले. ठशातून ते काही अंशी परत येईल.

दुसरी गोष्ट, जे छापू त्याची एक प्रत विहाराने ठेवावी. एकच, पण ठेवावीच. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि कशासाठी केले ते लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याची शाई पुढे फुटते. चित्राला लॅमिनेशन करू नये. चकाकी दिसते, पण एकदा चिकटवलेले प्लास्टिक कागदाचा जीव घेतल्याशिवाय निघत नाही. चित्र गुंडाळू नये, सपाट ठेवावे, दोन चित्रांमध्ये स्वच्छ कोरा कागद घालावा. पावसाळ्यानंतर सगळे बाहेर काढून सावलीत हवा द्यावी. उन्हात वाळवू नये. वाळवी दिसते का ते पाहावे. एका वहीत नोंद ठेवावी, आणि ती वही ठेवणारा माणूस नेमून द्यावा. नेमून न दिलेले काम कुणीच करत नाही, हा आपल्या सर्व समित्यांचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, ज्यांच्या घरी जुनी हस्तपत्रके, जलशांच्या पुस्तिका, मेळाव्यांच्या पत्रिका, हाताने कोरलेले किंवा धातूचे ब्लॉक पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. खिळ्यांचे छापखाने बंद पडले तेव्हा ब्लॉक भंगारात किलोवर गेले. त्यात कुणाचा चेहरा होता, कुठल्या परिषदेची तारीख होती, हे आता सांगणार कोण? जे उरले आहे ते विहारात आणून दाखवावे. द्यायचेच असे नाही. निदान नोंद तरी करू, छायाचित्र तरी काढू.

कुणी म्हणेल, न्यूयॉर्कचे संग्रहालय कुठे आणि आपल्या विहाराचे लोखंडी कपाट कुठे! पण बंधूंनो, रोर्क्स ड्रिफ्टलाही काही राजवाडा नव्हता. आपल्या मुलाचे चित्र उद्या एखाद्या मोठ्या संग्रहात गेले तर आम्हाला आनंदच होईल, जरूर जावे. फक्त त्याची एक प्रत इथे, या कपाटात असली पाहिजे. म्हणजे ज्या वस्तीत ती कोरली गेली त्या वस्तीतल्या मुलीला ती पाहण्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही.

समितीला आमची विनंती आहे, की पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ याच वस्तीतल्या मुला-मुलींनी कोरलेल्या ठशावरून छापावे. कोरण्या आणि लिनोच्या पहिल्या तुकड्यांचा खर्च आम्ही उचलू. येत्या रविवारी वंदनेनंतर ज्यांना यायचे असेल त्यांनी वाचनालयात थांबावे. सोबत जुना कपडा आणावा, कारण शाई कपड्याला लागली की निघत नाही.